लाकडी फ्लोअरिंगला जिन्याचा रंग कसा जुळवाल?

पुण्या-नाशिककडच्या बंगल्यांत, रो-हाउसमध्ये आणि डुप्लेक्समध्ये नूतनीकरण निघालं की हा प्रश्न हमखास येतो. जिना आधीपासूनच सागवानी असतो, घर बांधतानाच हौसेनं करून घेतलेला. वरच्या मजल्यावर जुन्या टाइल्सवर लाकडी फ्लोअरिंग बसवायचं ठरतं. दुकानात फिकट ‘ओक’ पसंत पडतो आणि दोन दिवसांत तो बसूनही होतो. मग जिन्याच्या शेवटच्या पायरीशी दोन लाकडं समोरासमोर येतात. एक लालसर आणि चकचकीत असतं, दुसरं राखाडी झाकेचं आणि मॅट. त्यानंतर पॉलिशवाल्याला फोन जातो: “याला मॅच करून द्या.”

हा फोन फ्लोअरिंगची ऑर्डर देण्याआधी जायला हवा. वेळ निघून गेली असली तरी मार्ग आहेत, पण त्यासाठी एक गोष्ट आधी मान्य करावी लागेल. वेगवेगळ्या जातींच्या लाकडांवर हुबेहूब एकच रंग येत नाही, आणि तो यावा म्हणून थरावर थर चढवले की लाकूड लाकडासारखं दिसेनासं होतं. साध्य होण्यासारख्या गोष्टी दोनच: दोन्ही लाकडांची झाक एका घराण्यातली असावी आणि दोन्हींची चकाकी सारखी असावी. एवढं साधलं तर घरात येणाऱ्याला फरक खटकत नाही.

पायाखाली नेमकं काय आहे?

दुकानात सगळ्यालाच ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात, पण रंगाच्या दृष्टीनं या चारही वस्तू वेगळ्या आहेत.

- भरीव लाकूड: फळी आरपार एकाच लाकडाची असते. ती घासता येते आणि तिचा रंग बदलता येतो.
- इंजिनिअर्ड वुड: खाली प्लायचे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा. हा पापुद्रा दोन-तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तरच घासून पुन्हा पॉलिश करता येतं. स्वस्त मालात तो अर्धा-पाऊण मिलिमीटरच असतो. त्यावर मशीन फिरवलं की खालचा प्लाय उघडा पडतो.
- लॅमिनेट: दाबून केलेल्या एचडीएफ फळीवर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. याला स्टेन लागत नाही आणि हे घासताही येत नाही.
- एसपीसी किंवा व्हिनाइल: हेही छापीलच, फक्त गाभा प्लॅस्टिकच्या जातीचा. पाण्याला चांगलं टिकतं, पण रंग बदलण्याची सोय नाही.

ओळखायचं कसं? खोलीभर नजर फिरवा. तीच गाठ आणि तीच रेघ आठ-दहा फळ्यांनंतर पुन्हा दिसली तर ते छापील आहे. नक्की खात्री हवी असेल तर उंबऱ्याची पट्टी काढून फळीची कापलेली कड पाहा, किंवा कामातून उरलेला तुकडा मागून घ्या.

जिन्याचीही अशीच तपासणी करा. अनेक घरांत पायरीचा वरचा पाट भरीव सागाचा असतो आणि उभा रायझर मात्र प्लायवर सागाचं वेनिअर चिकटवून केलेला असतो. हे वेनिअर कागदाइतकं पातळ असतं. पाट मशीननं घासला तरी चालतो, रायझरवर फक्त हातानं हलका पॉलिशपेपर फिरवायचा. कारागिराला हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच दिवशी कुठल्या तरी रायझरवर प्लाय दिसू लागतो, आणि तो भाग कुठल्याही स्टेननं झाकला जात नाही.

रंग कोणाचा धरायचा?

उत्तर सोपं आहे: ज्याचा रंग बदलता येत नाही, त्याचा. फ्लोअरिंग लॅमिनेट, एसपीसी किंवा कारखान्यातून पॉलिश होऊन आलेलं असेल तर तेच कायम धरा आणि जिना त्याच्याकडे न्या.

जिना जुना आणि सुंदर असेल, त्याला हात लावायची इच्छा नसेल, तर जिन्याचा रंग कायम धरा आणि फ्लोअरिंग त्याला शोभेल असं निवडा. अशा वेळी दुकानात जाताना जिन्याचा फोटो नेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या हिशेबानं बदलतो. दुकानातून तीन-चार फळ्या घरी आणा आणि शेवटच्या पायरीला लावून दोन-तीन दिवस ठेवा. अनामत ठेवून नमुने घरी देणारे बरेच दुकानदार आहेत. जे देत नाहीत, त्यांच्याकडून लाखभराचा माल घेऊ नये असं मला वाटतं.

जिना आणि फ्लोअरिंग दोन्ही कच्च्या लाकडाचे असतील तर तुम्ही नशीबवान आहात. दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच वेळी, एकाच डब्यातल्या मालानं पॉलिश करून घ्या.

साग, ओक आणि झाकेचा प्रश्न

आपल्याकडचे जिने बहुधा सागाचे असतात. विदर्भातला बल्लारशा-आलापल्लीचा साग असो की म्यानमारचा, त्याचा स्वभाव तोच. नुकता रंधा मारलेला साग ठिकठिकाणी हिरवट, करडा आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. उजेडात काही आठवडे राहिला की त्या छटा विरतात आणि सोनेरी तपकिरी रंग वर येतो. म्हणून ताज्या घासलेल्या सागावर त्याच दिवशी रंग जुळवला तर काही महिन्यांनी तो फ्लोअरिंगपेक्षा उबदार आणि थोडा गडद झालेला असतो. घाई नसेल तर पायऱ्या घासून आठ-दहा दिवस उजेडात तशाच राहू द्या, मग रंग ठरवा. घाई असेलच तर नमुना हव्या त्या रंगापेक्षा किंचित फिकट ठेवा.

सागाच्या आणखी दोन खोडी आहेत. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पॉलिश नीट धरत नाही किंवा वाळायला वेळ लागतो. सीलर मारण्याआधी थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं लाकूड पुसून घेणं हा त्यावरचा साधा उपाय. दुसरी खोडी म्हणजे बुंध्याच्या बाहेरच्या बाजूचा पांढरट भाग. स्वस्तात घेतलेल्या पाटांत तो एका कडेला दिसतो. त्यावर रंग वेगळाच उठतो, शिवाय वाळवी आणि भुंगेऱ्याला तो लवकर बळी पडतो. नव्या पायऱ्या करून घेत असाल तर असे पाट सुताराला तिथल्या तिथे बाजूला काढायला लावा.

फ्लोअरिंगमध्ये सध्या चलती आहे ओकची, बहुतेक वेळा छापील ओकची. त्याची झाक राखाडी किंवा वाळूसारखी थंड असते. साग स्वभावानंच सोनेरी आहे आणि जुन्या पॉलिशनं त्यात आणखी पिवळेपणा किंवा लाली आलेली असते. बहुतेक घरांत खटकते ती ही ऊब आणि थंडी. गडद-फिकटपणा त्या मानानं दुय्यम. दोन लाकडांत दोन-तीन छटांचा फरक डोळा सहज स्वीकारतो, लालसर आणि राखाडी शेजारी आले की मात्र अडखळतो.

लक्षात ठेवण्यासारखं एवढंच:

- फिकट लाकूड गडद करता येतं. गडद लाकूड फिकट करायला ब्लीच लागतं, आणि सागावर ब्लीचचा परिणाम डाग पडल्यासारखा येण्याची शक्यता बरीच असते. अंगणातल्या झोपाळ्यावर प्रयोग करायला हरकत नाही, जिन्यावर नको.
- लाली कमी करायची असेल तर स्टेनमध्ये हिरवट झाकेचा तपकिरी थोडा थोडा मिसळतात. काळा मिसळला तर लाली जात नाही, रंग फक्त मळकट होतो.
- ‘वॉलनट’, ‘टीक’, ‘रोझवुड’ ही डब्यावरची नावं आहेत. एका कंपनीचा वॉलनट दुसरीच्या वॉलनटशी जुळेलच असं नाही. नावावर विसंबू नका, तुकड्यावर पाहा.
- साग राखाडी ओककडे पूर्णपणे नेता येत नाही. लालसर असेल तर तटस्थ तपकिरीपर्यंत आणता येतो, आणि तिथेच थांबावं.

तीन मार्ग, आणि एक टाळण्याचा

*मिळता रंग.* जिना आणि फ्लोअरिंग दोन्ही एकाच जातीच्या लाकडाचे असतील, किंवा फ्लोअरिंगही सोनेरी-तपकिरी असेल, तर हाच मार्ग घ्या.

*ठरवून गडद.* फ्लोअरिंग फिकट असेल तर पायऱ्या आणि कठड्याचा हात दोन-तीन छटा गडद, तटस्थ तपकिरी करा. जिना मग स्वतंत्र वस्तू म्हणून दिसतो आणि कोणी जुळणी शोधत बसत नाही. सागवानी जिना आणि ओक फ्लोअरिंगच्या जोडीला मी बहुतेक वेळा हाच सल्ला देतो.

*पांढरे रायझर.* पाट लाकडी ठेवून उभे रायझर भिंतीच्या किंवा दाराच्या चौकटीच्या रंगात रंगवून घ्या. दोन लाकडांमध्ये तटस्थ पट्टा येतो आणि तुलना मोडते. वेनिअर खराब झालेल्या जिन्याला तर हे वरदानच. रायझरवर बुटांच्या टोकांचे काळे डाग पडतात, म्हणून तिथे पुसता येईल असा इनॅमल किंवा पीयू रंग लावा. भिंतीचा डिस्टेंपर टिकणार नाही.

टाळायचा आहे तो मधला मार्ग: जवळजवळ जुळलेला रंग. दोन लाकडं सारखी दिसावीत असा प्रयत्न झाला आणि तो थोडक्यात हुकला, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. एक तर नीट जुळवा, नाहीतर स्पष्ट वेगळं करा.

नमुना कसा करून घ्यावा

सगळ्या कामात पैसे वाचवणारी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. पॉलिशवाला हातातल्या प्लायच्या तुकड्यावर फडकं फिरवतो, तुम्ही मान डोलावता, आणि सागावर भलताच रंग उठतो. नमुना तुमच्याच जिन्याच्या लाकडावर व्हायला हवा. उरलेला तुकडा नसेल तर सर्वांत वरच्या पायरीच्या खालच्या अंगावर किंवा जिन्याखालच्या कपाटाच्या बाजूला जागा शोधा.

1. तुकडा निदान फूटभर लांब घ्या. तळहाताएवढ्या तुकड्यावर रेषांचा खेळ दिसत नाही.
2. जिन्यावर जो शेवटचा पॉलिशपेपर फिरणार आहे, तोच नमुन्यावर फिरवा. पेपर जितका बारीक, तितकं लाकूड गुळगुळीत आणि रंग तितका कमी मुरतो. जिना 120 नंबरनं आणि नमुना 220 नंबरनं घासला तर एकाच डब्यातून दोन रंग निघतात. जमीन मशीननं आणि पायऱ्या हातानं घासल्या जातात तेव्हा हीच गफलत होते.
3. स्टेन लावण्याआधी उघड्या लाकडावर थिनरचं फडकं फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो, तो साधारण बिनरंगी पॉलिशखाली येणारा रंग. पुष्कळदा इथेच कळतं की स्टेनची गरज नाही, नुसतं पॉलिश पुरेल.
4. तुकड्याचे तीन भाग करून तीन मिश्रणं लावा. मिश्रण मापानं करायला सांगा. वाटीत अंदाजानं ओतलेला रंग दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच बनत नाही.
5. सीलर आणि शेवटच्या हातापर्यंत सगळे थर चढवा. नुसत्या स्टेनवरून निर्णय घेऊ नका, वरच्या थरानं रंग आणखी खोल होतो.
6. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे निदान एक दिवसानंतर, तुकडा फ्लोअरिंगला लावून ठेवा. आधी आडवा ठेवून पाहा, मग रायझरसारखा उभा धरून पाहा. उभ्या पृष्ठभागावर प्रकाश कमी पडतो, म्हणून तोच रंग गडद दिसतो.
7. सकाळी, चारच्या उन्हात आणि रात्री दिवे लावून पाहा. जिन्याच्या कोंदट जागेत 6500 केल्व्हिनचा पांढरा ट्यूबलाइट आणि बैठकीत 3000 केल्व्हिनचे पिवळसर दिवे असतील, तर एकच लाकूड दोन घरांतलं वाटेल. आधी दिवे सारखे करा. काही घरांत तेवढ्यानं निम्मा प्रश्न सुटतो.
8. पसंत पडलेल्या तुकड्याच्या मागे स्टेनची कंपनी, छटा, बॅच नंबर, प्रमाण, पेपरचा नंबर आणि हातांची संख्या लिहा. तुम्ही दोघंही त्यावर सही करा. तुकडा तुमच्याकडे राहू द्या.

नमुन्यात पायरीची कापलेली कडही असावी. फळीच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या स्टेन शोषून घेतात, म्हणून पायरीची टोकं पाटापेक्षा काळपट उठतात. टोकांना एक-दोन नंबर बारीक पेपर मारणं, किंवा आधी पातळ केलेल्या सीलरचा एक हात देणं, हा त्यावरचा उपाय. जुना पॉलिशवाला हे न सांगता करतो. नवा असेल तर सांगावं लागतं.

पॉलिशची निवड

- स्पिरिट पॉलिश: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. दिसायला अतिशय सुंदर, पण पाणी आणि उष्णतेनं पांढरे डाग पडतात. कठड्याच्या जुन्या खांबांना चालेल, पायऱ्यांना नाही.
- मेलामाइन: खिशाला परवडतं, कडक होतं. कालांतरानं पिवळं पडतं आणि त्याच्या वासात फॉर्मल्डिहाइड असतं, त्यामुळे काम चालू असताना आणि नंतर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
- पीयू: पायऱ्यांसाठी माझी पहिली पसंती. झीज चांगली सोसतं. दोन घटकांच्या पीयूमध्ये हार्डनर मिसळल्यावर ठरावीक वेळेतच माल वापरावा लागतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, म्हणून फवारणी करणाऱ्याला योग्य मास्क हवा, आणि घरातल्या दमेकरी माणसानं त्या दिवसांत घराबाहेर राहावं.
- तेल किंवा हार्ड-वॅक्स ऑइल: लाकडाचा पोत उघडा राहतो, डाग पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो, पण देखभाल नियमित करावी लागते.

सॉल्व्हंटवालं पीयू लाकडाला पिवळसर ऊब देतं, पाण्यावर आधारित पीयू जवळजवळ बिनरंगी राहतं. जमिनीवर एक आणि जिन्यावर दुसरं वापरलं तर खालचा स्टेन एकच असूनही रंग दोन दिसतील. चकाकीचंही तसंच. ग्लॉसखाली रंग गडद आणि भरलेला दिसतो, मॅटखाली फिका. कारखान्यातून आलेलं फ्लोअरिंग बहुधा मॅट असतं, म्हणून जिन्यालाही मॅट किंवा सॅटिनच घ्या.

एका सवयीपासून सावध राहा. रंग थोडा कमी पडला की काही कारागीर वरच्या पॉलिशमध्येच रंग मिसळून फवारतात. कठड्यावर ते चालतं. पायरीच्या मधोमध मात्र रोज पाय पडतात, वरचा थर झिजतो आणि तिथे फिकट डाग उघडा पडतो. पाटाचा रंग लाकडातच मुरलेला हवा. त्यासाठी जुनं पॉलिश पूर्ण उतरवून कोरं लाकूड काढावं लागतं. जुन्या मेलामाइनवर स्टेन चढत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

तेलाचं किंवा तेलमिश्रित स्टेनचं काम झाल्यावर भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू देऊ नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. जुन्या वाड्यातल्या जिन्यावर ऑइलपेंटचे थर असतील तर त्यात शिसं असण्याची शक्यता गृहीत धरा. घरगुती रंगांतलं शिसं आपल्याकडे 2017 पासून 90 पीपीएमवर आणलं गेलं, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नये, आणि लहान मुलं घरात असताना तर मुळीच नाही.

शेवटची पायरी दिसली पाहिजे

रंग जुळवण्याच्या नादात एक धोका निर्माण होतो. पायऱ्या आणि जमीन अगदी एका रंगाची झाली की वरून उतरताना पहिल्या पायरीची कड आणि खाली शेवटच्या पायरीची कड जमिनीत मिसळून जाते. मोतीबिंदू असलेल्या किंवा बायफोकल चष्मा लावणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर नोजिंग, म्हणजे पायरीची पुढची कड, मुद्दाम गडद ठेवा, किंवा पहिल्या आणि शेवटच्या पायरीला खरखरीत विरोधी रंगाची पट्टी लावा. पायऱ्यांवर ग्लॉस नको हे यासाठीही. पीयूमध्ये घसरणरोधक बारीक पूड मिसळून मिळते, तीही मागा.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ती रंगाइतकीच महत्त्वाची आहे, कारण काही जण जुन्या पायऱ्यांवर नवे पाट चढवून रंग जुळवतात. समजा, प्रत्येक पायरीची उंची 175 मिमी आहे. पायऱ्यांवर 25 मिमीचे पाट बसवले आणि खाली-वर दोन्ही मजल्यांवर फोमसकट 10 मिमीचं लॅमिनेट घातलं. आता खालची पहिली पायरी 190 मिमी होते, मधल्या सगळ्या 175 राहतात आणि वरची शेवटची 160 वर येते. पाय मधल्या उंचीला सरावलेला असतो, तो दोन्ही टोकांना अडखळतो. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिमी आणि रुंदी कमीत कमी 250 मिमी धरली आहे. एकसारखेपणा तितकाच गरजेचा. पाट शक्य तितके जमिनीच्या थराइतक्याच जाडीचे घ्या, आणि ऑर्डरआधी सुताराकडून प्रत्येक पायरीची नवी उंची कागदावर लिहून घ्या.

फ्लोअरिंग जिथे जिन्याशी संपतं, तिथल्या कडेची पट्टी लॅमिनेट कंपनीची तयार मिळते, पण ती क्वचितच जिन्याशी जुळते. ती कड पायऱ्यांच्याच लाकडाची करून, पायऱ्यांसोबतच पॉलिश करून घ्या. जिना वरच्या मजल्यावर नीट संपल्यासारखा दिसतो.

केव्हा करावं

जून ते सप्टेंबर हे काम नको, कोकणात आणि मुंबईत तर नकोच. हवेतल्या ओलाव्यानं लॅकर आणि मेलामाइनवर दुधाळ पांढरी छटा येते, आणि फुगलेलं लाकूड हिवाळ्यात आकसल्यावर सांधे उघडतात. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. क्रम असा ठेवा: भिंतींची लांबी आणि प्रायमर, मग फ्लोअरिंग, मग जिना, शेवटी भिंतींचा अखेरचा हात. एकच जिना असेल तर एकाआड एक पायरी पॉलिश करून घ्या, म्हणजे रोजचं जाणं-येणं थांबत नाही.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी

न्यू जर्सी किंवा बे एरियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची अडचण वेगळी असते. जिना गुलाबी झाकेच्या रेड ओकचा आणि फ्लोअरिंग व्हाइट ओक किंवा हिकरीचं. रेड ओकची गुलाबी झाक नुसत्या बिनरंगी पॉलिशनं जात नाही. मध्यम ते गडद तपकिरी स्टेनखाली दोन्ही ओक बऱ्यापैकी एक दिसतात, फिकट रंगात मात्र फरक उघडा पडतो. मेपलला गडद स्टेन देऊ नका, तो डागाळतो. चेरी उजेडानं गडद होतं आणि वॉलनट उलट फिकटतं, तेव्हा जुन्या जिन्याला जुळवताना गालिच्याखालच्या नव्हे, उघड्या भागाच्या रंगाकडे पाहा. ओकवर पाण्याचं फिनिश लावण्याआधी स्टील वूल वापरू नये. त्याचे कण लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पाडतात.

न्यू जर्सीत घरदुरुस्तीचं काम 500 डॉलरच्या वर गेलं की कंत्राटदारानं लेखी करार द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात तो आगाऊ रक्कम म्हणून कामाच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढंच घेऊ शकतो. जास्त मागणाऱ्याला हा नियम दाखवा.

कागदोपत्री काय हवं, आणि हक्क कोणते

आपल्याकडे सुतार आणि पॉलिशवाल्याचं काम तोंडी ठरतं, आणि भांडणही रंगावरूनच होतं. एका पानाचा कागद पुरतो, पण त्यावर या गोष्टी हव्यात:

- सही केलेला नमुना हेच रंगाचं माप, असं एक वाक्य.
- लाकडाची जात, पॉलिशचा प्रकार, कंपनी आणि हातांची संख्या.
- दर कशावर: चौरस फुटावर की पायरीवर, आणि त्यात रायझर, कठडा, जुनं पॉलिश उतरवणं धरलं आहे का.
- पैसे टप्प्यांत. पहिली पायरी पूर्ण करून दाखवल्यावरच पुढच्या पायऱ्यांचं काम सुरू, आणि शेवटचा हप्ता काम वाळल्यावर दिवसा पाहून.
- उरलेला स्टेन आणि फ्लोअरिंगच्या दोन-चार जादा फळ्या तुमच्याकडे.

काम बिघडलं तर ती ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी फोटोसह लेखी तक्रार करा आणि दुरुस्तीला मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मात्र ती करायला हवी. बिल नसेल तर यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा, पुरावा म्हणून ते कामी येतात.

डुप्लेक्स बिल्डरकडून लाकडी जिना आणि फ्लोअरिंगसकट घेतला असेल तर रेरा कायद्याचं कलम 14 वाचा. करारात लिहिलेली वैशिष्ट्यं तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला तर बिल्डरनं तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तो टाळाटाळ करत असेल तर महारेराकडे तक्रार करता येते. ताबा घेतानाच जिन्यावर दिवसाउजेडी चढून-उतरून पाहा, फरक दिसला तर ताबापत्रावरच नोंदवा, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.